बेकरीतला पाहुणचार

२७ जानेवारी, सोमवार

ही डायरी मैद्याच्या व्यापाऱ्यानं सादिकले दिली होती, सादिकनं मले दिली. घरात आम्ही हिंदीच बोलतो, पण लिहाले मले मराठीच बरी वाटते. माजरीच्या शाळेत सारं मराठीत शिकली, उर्दू हाताले कधी बसलीच नाई.

लिहाचं कारण असं का मले एक गोष्ट समजत नाई, अन् न समजलेली गोष्ट डोक्यात ठेवून झोप येत नाई.

सादिक माहा देवर. मूल गावच्या बाजारातली आमची बेकरी सासऱ्याच्या हातची. भट्टीवर सारे माणसंच. दिवाळीनंतर मी हट्टानं मागची खोली मांगून घेतली, म्हटलं टोस्ट अन् खारी पन्नीत भराचं काम बाया करतील, मी पाहीन त्यायच्याकडे. माह्या पोराचे, आकिबचे, अब्बा गेल्यापासून मी घरातल्या भिंती पाहत बसली होती. आता सकाळी चप्पल घातली का गल्लीतून कोणीतरी विचारते, जरीनाभाभी, निघाल्या का कामाले? हे मले किती आवडते हे मी कोणाले सांगतलं नाई. इथी लिहून ठेवते.

पण बाया टिकत नाई. तीनदा नवीन बाया आल्या, तीनदा गेल्या. भांडण नाई, शिवी नाई, कोणाची मजुरी कापली नाई. अन् नवल असं का साऱ्या चौथ्या दिवशीच गायब होतात. एकटी अन्नपूर्णा तेवढी राह्यली.

आज सादिक म्हणला, "भाभी, रमज़ान तक देखता हूँ." रमजानात आमचा माल दुप्पट निघतो. तवापर्यंत खोलीत पुऱ्या बाया दिसल्या नाई तं पॅकिंगचं काम तो ठेकेदाराले देणार आहे, त्याचे पोट्टे येतील. म्हणजे मी पुन्हा घरी.

२८ जानेवारी

चौथा दिवसच काऊन? आज दिवसभर हेच पाहत फिरली. भट्टीची आंच मागच्या खोलीत येते का, हात लावून पाह्यला, भिंत कोमट आहे फक्त. एसेन्सच्या वासानं डोकं दुखत असंल का? संडासची कडी ढिली होती, ती लगेच बदलून घेतली. आंगणातल्या लिंबावर काई बाधा आहे असं तं कोणी पसरवलं नाई ना, हे बी अन्नपूर्णाले विचारलं. ती हसत सुटली.

१ फेब्रुवारी, शनिवार

मदीहाची तब्येत मले बरी दिसत नाई. माही सून, बल्लारपूरची. डिसेंबरात निकाह झाला. आकिब गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात, शनिवारी येतो अन् रविवारी रात्री जातो, त्यामुळे घरात आम्ही दोघीच.

मी तिले कायलेच हात लावू देत नाई. सकाळी स्वयंपाकघरात येऊन उभी राहते, मी म्हणते, जा बेटा, आराम कर. भाजी चिराले घेतली का तिच्या हातातून सुरी काढून घेते. जेवण तिच्यापुढं नेऊन ठेवते. शेजारीण म्हणते, अशी सास नशिबानं भेटते. तरी पोरगी सुकून राह्यली. खिडकीपाशी बसून मोबाईलवर आईशी हळूहळू बोलत राहते. मूलचं पाणी मानवत नसंल. उद्यापासून उकळून देते.

३ फेब्रुवारी, सोमवार

आल्या. चार बाया, साऱ्या नवाटोल्याच्या. जुन्या मालगुजारी तलावाच्या, आम्ही मामा तलाव म्हणतो, त्याच्या पाळीले लागून मासोळ्या धरणाऱ्या ढिवरांचं गाव आहे, अर्ध्या तासाचा रस्ता. धान कापून झाले, हाताले काम नाई, म्हणून आल्या. त्यात एक गिरजाबाई, चाळिशीची, उंच, मोजकं बोलणारी. दुसरी तिची पुतणी सोनू, तिचे डोळे सारखे इकडे-तिकडे फिरत राहतात.

या वेळी मी कायचीच कसर ठेवली नाई. दारात गुलाब दिले. लाल खुर्च्या पुसून मांडल्या. नव्या फुलाफुलाच्या कपात चहा, प्रत्येकीले एक क्रीमरोल. आम्ही साऱ्या स्टीलच्या गिलासात पितो, पण नव्या माणसाले आपले उष्टे-चेपले गिलास द्यावे कसे? मंग मी उभी राहून बोलली का ही बेकरी तुमचीच समजा, तीन दिवस फक्त बसा, पाहा, आराम करा, मजुरी पुरी भेटंल.

हा माहा नेम आहे. मी या घरात नवी नवरी म्हणून आली तवा सासूनं दुसऱ्याच दिवशी मले कणकेच्या परातीपाशी बसवलं. मेंदीचा रंग बी उतरला नव्हता. रडत रडत कणीक मळली. तवाच मनात धरलं होतं, माह्या हाताखाली कोणी नवीन आलं तं त्याले आधी बसवीन. आमच्यात पाहुणा तीन दिवसाचा मानतात. ते तीन दिवस मी त्यायले देते.

बायाही खुश दिसल्या. गुलाब हातात धरून सरळ बसल्या होत्या, फोटो काढाले बसतात तशा.

४ फेब्रुवारी

गिरजाबाई दोनदा उठली. एकदा टोस्टचा ट्रे उचलाले गेली, मी धावत जाऊन हातातून घेतला, म्हटलं, अवो, तुम्ही कायले? बसा. दुसऱ्यांदा झाडू घेतला, तो बी घेतला. सोनू टेबलाखाली काईतरी करत होती, वाकून पाह्यलं तं रिकाम्या पन्न्या एकावर एक नीट लावून राह्यली होती. मी म्हटलं, पोरी, घाई कायची, सारी जिंदगी कामच कराचं आहे.

चहा पिऊन चौघींनी आपापले कप धुतले अन् एका कोपऱ्यात पालथे घातले. किती नीटनेटक्या बाया. अन्नपूर्णा तं गिलास तसाच टाकून देते.

५ फेब्रुवारी

आज मन भरून आलं. गिरजाबाईनं घरचे वाल आणले माह्यासाठी, पदरात बांधून. मी म्हटलं, हे कायले? ती म्हणली, "तुमी एवढं केलं जी. रिकाम्या हातानं कसं." निघताना चौघींनी नमस्कार केला, सोनू तं वाकून पाया पडली. गेटापाशी जाऊन गिरजाबाईनं वळून खोलीकडे पाह्यलं.

माया जडली त्यायची. या बाया नाई जाणार. उद्या चौथा दिवस, उद्यापासून काम शिकवीन. रात्री वालाची भाजी केली, मदीहाले वाढली. तिनं दोन घास खाल्ले.

६ फेब्रुवारी

नाई आल्या.

दहा वाजेपर्यंत मी गेटात उभी होती. बसस्टँडवर बी जाऊन आली. सादिकनं चार लाल खुर्च्या एकात एक घालून भिंतीले लावून दिल्या.

काल वाल आणतात अन् आज येत नाई. असे कसे माणसं असतात? मले राग आला, अन् राग उतरल्यावर पुन्हा तेच. काऊन?

८ फेब्रुवारी

अन्नपूर्णाले आज समोर बसवून विचारलं का बाई, तू काऊन टिकली? तुह्यात असं काय आहे?

तिले आठवून सांगाव लागलं. ती आली त्या दिवशी लाईट गेली होती, सील कराची मशीन बंद, मेणबत्तीवर पन्न्या बंद करून राह्यलो होतो अन् बाहेर गाडी उभी. ती दारात आली तं मी तिचं नाव बी विचारलं नाई, ट्रे हातात दिला अन् म्हटलं, धाव. संध्याकाळी समजलं का हिचं नाव अन्नपूर्णा.

खरंच, बिचारीचं स्वागत राहूनच गेलं होतं. मले इतकी शरम वाटली का दुपारी तिच्यासाठी एक क्रीमरोल मांगवला. उशीर झाला, पण केलं. ती म्हणे, "हे आता काऊन?"

१२ फेब्रुवारी

सादिकनं ठेकेदाराले बोलावलं होतं. माणूस खोलीत येऊन टेपनं टेबल मोजून गेला. माह्यासमोर मोजलं. मी पन्न्या भरत राह्यली, मान वर केली नाई.

रविवारी नवाटोल्याले जाते. तोंडावर विचारते. जास्तीत जास्त काय होईल, शिव्या देतील. शिव्यातूनही काई समजंल.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते सारं लिहाचं आहे, हात दुखला तरी.

ऑटोवाल्यानं पाळीपाशी सोडलं. सारं गाव तलावावर होतं, जाळं ओढणं सुरू होतं. पाणी कमी झालं का असं साऱ्यायनं मिळून ओढतात म्हणे. माणसं पाण्यात कमरेइतकी, बाया अन् म्हातारे काठावर दोराले. मी नानकटाईचा डब्बा घेऊन उभी, नवी चप्पल, इस्त्रीचा सूट. वाटलं कोणी या म्हणंल, बसा म्हणंल, पाणी देईल. कोणीच काई म्हणे ना. गिरजाबाईनं मले पाह्यलं. हसली बी नाई. म्हणली, "चप्पल काढा जी, अन् हा धरा." अन् दोराचं टोक माह्या हातात.

डब्बा कुठी ठेवला मले आठवत नाई. मी धरला. ओढला म्हणता येत नाई, दोरच मले ओढून राह्यला होता. पाय चिखलात, ओढणी पाण्यात. सोनू माह्या मागं होती, ती ओरडली, "बाई, मांगं झुका न, उभ्या काय राह्यल्या!" माह्यावर असं कोणी कितीक वर्षांत ओरडलं नव्हतं. मी झुकली. जाळं काठावर आलं तवा आत रोहू उड्या मारून राह्यले होते अन् मी सोनूचा दंड धरून हसत होती, कायले ते मलेच माहीत नाई.

मंग बापूजी नावाच्या म्हाताऱ्या माणसानं गवतावर वाटे घातले. एक वाटा माह्यापुढं ठेवला. मी म्हटलं, मी तं काईच केलं नाई, माह्यानं जाळं एक बोट बी सरकलं नसंल.

"दोर धरला न जी," बापूजी म्हणले अन् पुढच्या वाट्याले लागले. गिरजाबाईनं सांगतलं का इथी असंच आहे. नवीन सून येवो का दुसऱ्या गावचा जावई येवो, पहिल्या दिवशी दोर हाती देतात. जोर नसला तरी चालते. दोर धरला का वाटा पडते.

पाळीवर बसून मी विचारलंच. गिरजाबाई, माहं काय चुकलं? तुम्ही काऊन नाई आल्या?

तिनं पदर पिळून घेतला. मंग म्हणली, "तुमी लय चांगल्या वागल्या जी. म्हनूनच समजलो."

"काय समजल्या?"

"का आमच्यासाठी काम नाई. तोंडावर नाई म्हनाले तुमाले जड गेलं असंल. खुर्ची दिली, चहा पाजला, मजुरी बी दिली. हातात घेतलं ते तुमी काढून घेतलं. कप बी आमचे अलग. मंग आमी बी मानानं निघालो. पाहुण्यानं किती दिस राहाव जी? पाहुण्याले जावाच लागते."

वाल आणले होते ते निरोपाचे. सोनू पाया पडली ती निरोपाची. अन् मी रात्री मनात म्हणून राह्यली होती का माया जडली. कपाचं मी सांगतलं तिले, का तुम्हाले आमच्या गिलासात पिवाले कसंतरी वाटंल म्हणून नवे आणले होते. गिरजाबाई पहिल्यांदा हसली. म्हणली, आमाले वाटलं तुमाले कसंतरी वाटते.

मी म्हटलं, उद्या या. खुर्च्या काढून टाकते.

"अन् ते कप?"

ते बी, म्हटलं.

रोहू घरी आणले. मदीहा म्हणली, अम्मी मी साफ करू? मी म्हटलं, छे, मेंदीचे हात मासोळीत घालते का? तू बस.

१७ फेब्रुवारी

आल्या. चौघी बी.

गेटातून आत पाय ठेवला तसा गिरजाबाईच्या हातात ट्रे दिला. या म्हटलं नाई, कशा आहा म्हटलं नाई. माहाच जीव कसानुसा झाला, माणूस इतकं रुक्ष कसं वागेल? पण तिनं ट्रे असा घेतला का जसा तिचाच होता, मी फक्त धरून ठेवला होता.

दुपारी सोनूच्या हातून खारीचा अख्खा ट्रे पडला. सारी फरशी पांढरी. सोनूचं तोंड बी पांढरं. मी काई गोड बोलाव म्हणून तोंड उघडलं तेवढ्यात अन्नपूर्णा कडाडली, "डोळे कुठी होते व तुहे? कपाळावर?" मले वाटलं, संपलं, ही पोरगी गेली. तं सोनू खुदकन हसली अन् खाली बसून चुरा गोळा कराले लागली. वरच्या वरच्या चांगल्या खाऱ्या आम्ही साऱ्यायनं चहासंगं खाल्ल्या. स्टीलच्या गिलासात. गिलास कोणाचा कोणता ते समजलं नाई.

क्रीमरोल खाऊन पळतात अन् शिव्या खाऊन टिकतात. माणसाचं काई सांगता येत नाई बापा.

२० फेब्रुवारी

चौथा दिवस. मी पहाटेच उठून बसली. नमाजात बी लक्ष लागेना.

माह्या आधीच येऊन गेटात उभ्या होत्या. गिरजाबाई म्हणली, "बाई, आज उशीर केला."

२५ फेब्रुवारी

उद्या महाशिवरात्र. चौघी मार्कंड्याच्या जत्रेले जाऊन राह्यल्या, दोन दिवस येणार नाई. सादिक म्हणला, गईं तो गईं भाभी. ठेकेदार काल बी त्याले भेटून गेला म्हणे.

घरी मदीहानं विचारलं, अम्मी, मी काई दिवस बल्लारपूरले जाऊ का? मी लगेच हो म्हटलं. बरं वाटंल तवा ये, म्हटलं, घाई नाई. आकिब शनिवारी आला का सोडून देईल. ती माह्याकडे पाहत राह्यली. मी इतक्या लवकर हो म्हणीन असं तिले वाटलं नसंल. रमजानात सुनेले माहेरी कोण पाठवते? पण माहं मन मोठं आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जत्रेवरून साऱ्या वापस आल्या, प्रसाद घेऊन. सादिक दुपारी दारातून आत डोकावला. खोलीत पाच बायायचा आवाज, कोणाले त्याच्याकडे पाहाले फुरसत नाई. त्यानं तिथंच उभं राहून ठेकेदाराले फोन लावला अन् म्हटलं, अभी ज़रूरत नहीं. मी पन्नी बंद करत होती, तीच पन्नी दोनदा बंद केली. मी घरी बसणार नाई. चप्पल घालून रोज येणार. अल्लाह, तुहे लय उपकार.

इथंच आजचं संपाले पाहिजे होतं. पण नाई.

माल भरता भरता घरच्या गोष्टी निघाल्या. सोनूनं विचारलं, बाई, तुमच्या सूनबाई काय करतात? मी मोठ्या तोऱ्यात सांगतलं का मी तिले काईच करू देत नाई. कपडे धुऊ देत नाई, भाजी चिरू देत नाई, ताट बी तिच्यापुढं नेऊन ठेवते. तीन महिने होत आले, राणीसारखी ठेवली आहे.

सोनूनं गिरजाबाईकडे पाह्यलं.

गिरजाबाई पन्नीत टोस्ट भरत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "मंग सूनबाई कधी जाऊन राह्यल्या जी?"

खोचक नव्हतं. साधं विचारलं, गाडी कधी आहे विचारतात तसं.

उद्या, मी म्हटलं. अन् म्हटल्यावर समजलं का मी काय म्हटलं.

१ मार्च, शनिवार

आज दुपारीच घरी आली. अन्नपूर्णाले म्हटलं, खोली सांभाळ.

रस्त्यानं मले सासू आठवत होती. दुसऱ्या दिवशी परातीपाशी बसवलं हे मी जन्मभर साऱ्यायले सांगत आली. पण ती परात तिची होती, कोणाले हात लावू देत नव्हती, हे कधी कोणाले सांगतलं नाई. आठ दिवसात मी त्या स्वयंपाकघरात कोणत्या डब्ब्यात काय आहे हे न पाहता सांगत होती. मदीहाले आज सकाळी विचारलं का हळद कुठी आहे, तं तिले माहीत नाई.

ती पलंगावर बसली होती, बॅग उघडी, अर्धे कपडे भरलेले. मी दारात उभी राह्यली. जाऊ नको म्हणाव तं जा म्हणणारी मीच. माफी मांगाव तं कायची, मी तिले एक शब्द वाकडा बोलली नाई.

मंग म्हटलं, "ऊठ. उद्या पहिला रोजा. भज्याची डाळ भिजवाची आहे."

ती उठली नाई. माह्या मागं कोणी उभं आहे का असं पाह्यलं तिनं. "मी?"

"मंग अजून कोण आहे घरात?"

स्वयंपाकघरात येऊन तिनं विचारलं, किती भिजवू? माह्या जिभेवर आलं होतं, बाजूले सर, मीच करते. दात दाबून उभी राह्यली. म्हटलं, तूच पाह. तिनं डब्बे उघडून उघडून डाळ शोधली. मी सांगतलं नाई. सापडली तं पुरी ओतली पातेल्यात, वर पाणी.

मी ओरडली, "अगं, गल्लीचं जेवण आहे का? अक्कल कुठी ठेवली?"

तिनं माह्याकडे पाह्यलं, पातेल्याकडे पाह्यलं, अन् हसली. तीन महिन्यांत हसताना मी तिचे दात पहिल्यांदा पाह्यले, समोरचा एक जरासा वाकडा आहे. म्हणली, "अम्मी, तं गल्लीलेच वाटू न. बेकरीत बी नेऊ, तुमच्या बायायले."

मी म्हटलं, नेईल कोण? मले उचलत नाई एवढं पातेलं.

"मी येईन न," ती म्हणली.

आकिब संध्याकाळी आला. बॅग भरली का, म्हणून विचारत होता. ती स्वयंपाकघरात हळदीचा डब्बा शोधून राह्यली होती, तिनं ऐकलं नाई.

चाँद पाहाले मी गच्चीवर गेली. खाली आली तं बॅग अलमारीवर चढली होती. कोणं ठेवली ते मी विचारलं नाई.